फुकट मिळणारे पुस्तक विकत का घ्यावे? व्हर्जन कंट्रोलच्या छापील मार्गदर्शिकांचा इतिहास

१)
‘प्रो गिट’ हे स्कॉट चॅकॉन यांचे पुस्तक २००९ साली एप्रेस या प्रकाशन संस्थेने काढले. ते दुकानात रीतसर किमतीला विकले जात होते, आणि त्याच वेळी त्याचा संपूर्ण मजकूर एक पैसाही न देता कोणालाही वाचता येत होता. पाच वर्षांनी, २०१४ मध्ये, बेन स्ट्राउब यांच्या सहलेखनासह दुसरी आवृत्ती निघाली. तीही विक्रीला होती आणि तीही खुली होती. फुकट मिळणाऱ्या पुस्तकासाठी वाचकाने पैसे का मोजावेत, आणि मोजायचेच असतील तर कोणते पुस्तक निवडावे, हा या धाग्याचा विषय आहे.

२)
हा प्रश्न कर्जत स्थानकाला लागून असलेल्या भिसेगावातल्या घरांपर्यंतही पोहोचलेला आहे. कर्जतमध्ये कोकण ज्ञानपीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. लोकलने सुमारे १०० किलोमीटरवर मुंबई, आणि घाट चढून गेले की पुणे. या दोन्ही शहरांत सॉफ्टवेअरची नोकरी धरू पाहणाऱ्या मुलामुलींना गिट येणे गृहीत धरले जाते. इंग्रजी तांत्रिक पुस्तकाची किंमत मात्र सामान्य घरातून सहज निघणारी रक्कम नसते. ‘मोबाइलवर फुकट आहे ना, मग विकत कशाला?’ हा आईवडिलांचा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

३)
आधी व्हर्जन कंट्रोल म्हणजे काय ते पाहू. एकाच मजकुरावर अनेक हात काम करतात तेव्हा कोणी, केव्हा, काय आणि कशासाठी बदलले याची नोंद ठेवणारी, आणि गरज पडल्यास जुन्या स्थितीला परत नेणारी ही व्यवस्था. तिच्यामागची चिंता मराठीला नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती नकलून काढता काढता तिच्यात भिन्न पाठ शिरले, तेव्हा संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ती शुद्ध केली. शुद्धीचा शक नोंदवला आणि यापुढे कोणी आपली ओवी आत घालू नये, असेही बजावले. पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला मिळालेली वेगळी जुनी प्रत छापली, आणि कोणता पाठ मूळचा हा वाद नव्याने उभा राहिला.

४)
पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, ते काम १९१९ ते १९६६ असे चालले. वि. स. सुखटणकरांनी त्याला पद्धतीची शिस्त दिली. बाराशेहून अधिक हस्तलिखिते विचारात घेतली गेली. त्या आवृत्तीचे कोणतेही पान उघडले तर वर स्वीकारलेला पाठ आणि खाली बारीक अक्षरात कोणत्या प्रतीत काय वेगळे आहे याची नोंद दिसते. नाकारलेला पाठही पुसला जात नाही, पत्त्यासह जपला जातो. व्हर्जन कंट्रोलचे तत्त्व हेच. फरक एवढा की पंडितांनी ही नोंद शतकांनंतर, प्रती जुळवून तयार केली आणि संगणक ती बदल घडत असतानाच ठेवतो.

५)
संगणकाच्या जगात या कामाची पहिली महत्त्वाची प्रणाली बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकिंड यांनी १९७२ साली लिहिली. तिचे नाव एससीसीएस. १९८० च्या दशकाच्या आरंभी पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस केली. १९८६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या डिक ग्रून यांनी आरसीएसवर आधारलेली सीव्हीएस खुली केली आणि १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी ती नव्याने बांधली. दूरदूरच्या प्रोग्रामरांनी एकाच संहितेवर एकाच वेळी काम करणे सीव्हीएसमुळे आवाक्यात आले. मुक्तस्रोत चळवळीचा एक मोठा कालखंड याच प्रणालीच्या आधाराने उभा राहिला.

६)
प्रणाली मुक्त होती, पण ती वापरायची कशी हे सांगणाऱ्या पुस्तकांचे काय? आज्ञेसोबत येणारे टिपण कोणता पर्याय काय करतो एवढे सांगते. काम कसे आखावे, चूक झाली तर परत कसे फिरावे, हे त्यात नसते. रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपल्या सॉफ्टवेअरची छापील मार्गदर्शिका विकून संस्थेसाठी पैसा उभा केला आणि त्याच पुस्तकांची नक्कल करण्याची मोकळीकही दिली. मुक्त सॉफ्टवेअरला मुक्त पुस्तकेही हवीत, नाही तर सॉफ्टवेअर बदलले तरी पुस्तक बदलण्याचा हक्क कोणालाच राहत नाही, असे स्टॉलमन यांनी १९९० च्या दशकात आग्रहाने मांडले. २००० साली अशा पुस्तकांसाठी खास परवानाही आला.

७)
व्हर्जन कंट्रोलच्या बाबतीत हा विचार लवकर रुजला. १९९९ मध्ये कार्ल फोगेल यांचे सीव्हीएसवरचे पुस्तक कोरिओलिस या प्रकाशकाने काढले. त्यात एक मजेदार विभागणी होती. सीव्हीएस शिकवणारी प्रकरणे जीपीएल या मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली होती, तर मुक्तस्रोत प्रकल्प कसा चालवावा याविषयीची प्रकरणे नेहमीच्या हक्कांखाली, फक्त छापील पुस्तकात. म्हणजे प्रकाशकाने अर्धे दार उघडले आणि अर्धे लोटून ठेवले. तरीही पुढे पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. उघड्या अर्ध्याने विक्री बुडवली नाही, एवढा निष्कर्ष त्यातून काढता येतो.

८)
सीव्हीएसच्या उणिवा दूर करण्यासाठी २००० साली कोलॅबनेट या कंपनीने सबव्हर्जनचे काम सुरू केले. फेब्रुवारी २००४ मध्ये तिची १.० आवृत्ती आली आणि त्याच वर्षी ओरायलीने तिचे पुस्तक काढले. लेखक होते बेन कॉलिन्स-सस्मन, ब्रायन फिट्झपॅट्रिक आणि मायकेल पिलाटो. या पुस्तकाचे दार पूर्ण उघडे होते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली ते आले, त्याची मुख्य अट लेखकांना श्रेय देण्याची. श्रेय दिले की कोणीही ते छापावे, भाषांतरित करावे, विकावेसुद्धा. लेखक प्रणाली घडवणारेच असल्यामुळे सॉफ्टवेअर पुढे सरकले तसा पुस्तकाचा खुला मजकूरही सुधारत गेला.

९)
भारतात ही पुस्तके कशी येत? परदेशी छपाईची किंमत डॉलरमध्ये, म्हणून बहुतेकांच्या हाताबाहेर. मुंबईच्या श्रॉफ पब्लिशर्सने ओरायलीच्या पुस्तकांची भारतीय पुनर्मुद्रणे पुष्कळ कमी किमतीत काढली. कागद साधा, आतला मजकूर तोच, आणि विक्री भारतीय उपखंडापुरती, अशी सूचना मुखपृष्ठावर. फोर्टातली दुकाने, माटुंगा आणि फाउंटनच्या पदपथावरचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते, पुण्याचा अप्पा बळवंत चौक, ही तेव्हाची ठिकाणे. कर्जतच्या माणसाला पुस्तक चाळून घ्यायचे तर लोकल धरून किंवा घाट चढून जावे लागे. आज ते टपालाने घरी येते, पण घेण्याआधी चाळण्याची सोय त्यात हरवली.

१०)
आता या इतिहासातले सर्वांत बोधप्रद वळण. लिनक्सच्या गाभ्याचे काम करणारे प्रोग्रामर २००२ पासून बिटकीपर ही प्रणाली वापरत होते. ती बिटमूव्हर या कंपनीची होती. मुक्तस्रोत प्रकल्पांना ती मोफत मिळे, पण तिच्याशी स्पर्धा करणारी प्रणाली घडवायची नाही अशा अटीवर. अँड्र्यू ट्रिजेल यांनी तिच्याशी संवाद साधू शकणारे साधन तयार करण्याचा प्रयत्न केला. वाद पेटला आणि २००५ साली कंपनीने मोफत वापराची सवलत काढून घेतली. जगातला एक प्रचंड मुक्त प्रकल्प अचानक उघड्यावर पडला. मोफत आणि मुक्त यांतले अंतर इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. मोफत हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते, मुक्त हे घेणाऱ्याच्या हक्कात असते.

११)
त्या धक्क्यातून एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले. त्याच महिन्यात मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरिअल सुरू केले. दोन्हींची पुस्तके २००९ मध्ये आली. ब्रायन ओ’सुलिव्हन यांचे मर्क्युरिअलवरचे पुस्तक ओरायलीने काढले आणि तेही जालावर खुले होते. ‘प्रो गिट’ एप्रेसने काढले. ओरायलीनेच त्या वर्षी जॉन लोएलिगर यांचे गिटवरचे पुस्तकही काढले. ते नेहमीच्या हक्कांखाली होते. म्हणजे मुक्त प्रणालीवरच्या पुस्तकांतही उघडी आणि बंद अशी दोन कुळे शेजारी शेजारी नांदत होती, आणि आजही नांदतात. दुकानातल्या फळीवर ती ओळखू येत नाहीत.

१२)
म्हणून मुद्दा असा. अशी मार्गदर्शिका विकत घेताना मागच्या मुखपृष्ठावरच्या किमतीआधी शीर्षकपानाच्या पाठीमागचे पान वाचावे. हक्कांची माहिती तिथे छापलेली असते. एकाच किमतीच्या दोन पुस्तकांपैकी एक वाचकाला फक्त वाचू देते. दुसरे वाचू देते, नकलू देते, मित्राला देऊ देते, वर्गात वाटू देते आणि कधी कधी मराठीत आणू देते. किंमत सारखी असली तरी हातात पडणारी वस्तू सारखी नाही. पहिल्यात कागद विकत मिळतो, दुसऱ्यात कागदासोबत अधिकारही मिळतात.

१३)
या अधिकारांच्याही पायऱ्या आहेत. जीपीएलखालची प्रकरणे नकलता आणि विकताही येतात, पण पुढच्याला तेच हक्क द्यावे लागतात. सबव्हर्जनच्या पुस्तकाला श्रेय पुरते. ‘प्रो गिट’च्या परवान्यात मात्र तीन अटी आहेत. लेखकांचे श्रेय, व्यापारी वापर नाही, आणि बदल किंवा भाषांतर केल्यास ते याच परवान्याखाली. म्हणजे एखाद्या संस्थेने त्याचे मराठी भाषांतर करून विनामूल्य वाटावे, हे चालते. व्यावसायिक प्रकाशकाला ते नफ्यासाठी विकायचे असेल तर हक्कधारकांची वेगळी परवानगी लागते. फुकट वाचायला मिळते म्हणून सगळेच करता येते, हा समज चुकीचा आहे.

१४)
महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानाशी या पानाचा थेट संबंध आहे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी उताऱ्यांचे संच काढण्याच्या बाजूने निकाल दिला. खंडपीठाने त्याच वर्षी काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. संपूर्ण पुस्तक छापून विकण्याची मुभा त्यातून मिळाली असे मात्र नव्हे. मुक्त परवान्याच्या पुस्तकाबाबत वर्गासाठी प्रती काढायला कोर्टाची पायरी चढण्याचीच गरज पडत नाही. उत्तर पुस्तकातच छापलेले असते.

१५)
यावर पहिला आक्षेप पुस्तके शिळी होतात हा, आणि तो खरा आहे. ऑगस्ट २०१९ मधल्या गिटच्या २.२३ आवृत्तीत ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ या दोन नव्या आज्ञा आल्या. २०१४ च्या छापील ‘प्रो गिट’मध्ये त्या असणे शक्य नाही. २०२० मध्ये गिटहबने नव्या भांडारातल्या मूळ शाखेचे ‘मास्टर’ हे नाव बदलून ‘मेन’ केले. जुने पुस्तक समोर ठेवून बसलेला विद्यार्थी इथे हमखास गोंधळतो. केवळ आज्ञांची यादी म्हणून छापील पुस्तक घ्यायचे असेल तर घेऊच नये. त्यासाठी जालावरचा ताजा मजकूर चांगला.

१६)
मग छापील पुस्तकात टिकते काय? संकल्पना टिकतात. गिट प्रत्येक नोंदीच्या वेळी संपूर्ण प्रकल्पाचे जणू छायाचित्र घेते. प्रत्येक नोंद आपल्या आधीच्या नोंदीकडे बोट दाखवते. शाखा म्हणजे नोंदीकडे दाखवणारी एक हलती खूण, म्हणून ती काढायला क्षणही लागत नाही. दोन शाखा जोडताना गिट त्यांचा समाईक पूर्वज शोधते. हे २००५ सालीही खरे होते आणि आजही आहे. ‘प्रो गिट’च्या दुसऱ्या आवृत्तीतले गिटच्या अंतरंगाविषयीचे दहावे प्रकरण याच कारणाने सावकाश, कागदावर आकृत्या काढत वाचण्याजोगे आहे. आज्ञा विसरली तर शोधता येते. संकल्पना मुळातच नसेल तर काय शोधायचे हेही कळत नाही.

१७)
दुसरा आक्षेप असा की जालावर सारे असताना कागद कशाला. कर्जतहून पुण्याकडे निघालेल्या गाडीत बसून पाहावे. घाटात बोगदे लागले की मोबाइलवरचा धडा मध्येच थांबतो. हे कारण किरकोळ मानले तरी दुसरे भारी आहे. जालावरच्या गोष्टी नाहीशा होतात. बिटबकेट या सेवेने २०२० साली मर्क्युरिअलचा आधार काढून घेतला आणि तिथली मर्क्युरिअलची भांडारे हटवली. गूगल कोड ही सेवा २०१६ मध्ये बंद झाली. त्यांच्याकडे बोट दाखवणारे कितीतरी धडे त्या दिवशी पोरके झाले. फळीवरचे पुस्तक शिळे होईल, पण कोणाच्या निर्णयाने एका रात्रीत नाहीसे होणार नाही.

१८)
तिसरा आक्षेप पैशाचा. मजकूर खुला असेल तर किंमत कशाची? संपादनाची, शुद्धलेखन तपासणीची, आकृत्यांची, विषयसूचीची, कागदाची आणि लेखकाच्या मानधनाची. ‘प्रो गिट’च्या दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर खुद्द गिटमध्येच ठेवलेला आहे आणि जगभरचे वाचक त्यात दुरुस्त्या पाठवतात. पण दुरुस्त्या येण्यासाठी आधी कोणीतरी पहिला पूर्ण मसुदा लिहून काढावा लागतो. पहिल्या आवृत्तीला वाचकांनी हात दिला नसता तर प्रकाशकाने दुसरी काढली असती का? खुल्या पुस्तकासाठी दिलेला पैसा पुढच्या खुल्या पुस्तकाची शक्यता वाढवतो. बंद पुस्तकासाठी दिलेला पैसा वाया जातो असे नव्हे, त्यातली काही उत्कृष्टच आहेत. पण दोन्ही तोडीस तोड असतील तर पारडे खुल्याकडे झुकावे.

१९)
इथे एक सावधगिरी. मजकूर खुला असल्यामुळे तो उचलून, लेखकांची नावे गाळून, भलत्याच शीर्षकाखाली छापून विकणे सोपे होते. अशा पुस्तकावर प्रकाशनवर्ष नवे असते, आतला मजकूर जुना. म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात. लेखकांची नावे आहेत का, परवान्याचे नाव छापले आहे का, आणि पुस्तक प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीवर लिहिले आहे. एकनाथांनी शुद्धीचा शक नोंदवला, त्यामुळेच चारशे वर्षांनंतरही त्या प्रतीचे वय सांगता येते. ज्या पुस्तकाला आपले वय आणि आपले कूळ सांगता येत नाही, ते व्हर्जन कंट्रोल काय शिकवणार?

२०)
आता पुन्हा त्या घरातल्या प्रश्नाकडे. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतंत्र प्रत घ्यावी असे या धाग्याचे म्हणणे नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळते आणि त्यातून ग्रंथखरेदी होते. कथा-कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी कर्जत तालुक्यातल्या वाचनालयाने गिटचे एक खुल्या परवान्याचे पुस्तक ठेवावे. बंद पुस्तकाची एक प्रत एका वेळी एकाच वाचकाच्या उपयोगी पडते. खुल्या पुस्तकाच्या एका प्रतीवरून लागेल ते प्रकरण काढून दहा जणांना देता येते. वाचनालयाच्या तुटपुंज्या पैशाला याहून मोठे मोल मिळणे कठीण.

२१)
आणि शेवटी भाषेचा प्रश्न. कर्जत-खालापूर भागातल्या मराठी शाळांतून पुढे आलेल्या मुलांची पहिली अडचण बहुधा इंग्रजी गद्याची असते, प्रणालीची नंतर. कमिट, ब्रँच, मर्ज हे शब्द तसेच राहिले तरी चालतील, कारण कामाच्या जागी तेच बोलले जातात. पण ब्रँच म्हणजे हलती खूण, हे वाक्य मराठीत वाचायला मिळणे ही निराळी गोष्ट आहे. बंद पुस्तकाच्या बाबतीत त्यासाठी आधी परदेशी प्रकाशकाशी करार करावा लागतो. खुल्या पुस्तकाच्या बाबतीत चार शिक्षक एकत्र आले, अटी पाळल्या, की उद्यापासून काम सुरू करता येते.

२२)
तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी जालावरची खुली प्रत उघडून दोन प्रकरणे वाचावीत. उपयोग होतो आहे असे वाटले, तरच छापील प्रत घ्यावी. घेताना हक्कांचे पान वाचावे. प्रत शक्य तर वाचनालयासाठी घ्यावी, आणि पहिल्या कोऱ्या पानावर ती गिटच्या कोणत्या आवृत्तीपर्यंतची आहे हे पेनाने लिहून ठेवावे. पुढे आज्ञा बदलली की समासात तारीख घालून दुरुस्ती करावी. पाठाशेजारी पाठभेद नोंदवण्याची ही आपली जुनीच रीत आहे, आणि पुढच्या वाचकाला तिचा उपयोग होईल.